दीड इंचाचा रकाना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
आम्ही नऊ जण, खुर्च्या पाच.
उरलेले गठ्ठ्यांवर बसलोय.
वर एप्रिल तापतोय, पत्रा मधूनच टणकन वाजतो
आणि प्रत्येक वेळी सगळे वर बघतात.

येमूलबाईंनी फळ्यावर लिहिलं: काय झालं?
आणि खडू ठेवून दिला.

"ड्रायव्हरची चूक की ओ," मलकप्पा म्हणाला.
"कुणाची ते विचारलंच नाही मी."

मग शिकवलं त्यांनी, घाई न करता:
आधी माणूस उचला, मग फोटो काढा,
झाडू मात्र कुणाच्या हाती देऊ नका.
चाकाच्या खुणा टेपनं मोजा, पावलांनी नको,
पावलं ज्याच्या त्याच्या सोयीची पडतात.
बघितलेल्या माणसाला पाणी द्या, बसवा,
'तू तिथं काय करत होतास' असं विचारू नका,
'तुला काय दिसलं' विचारा,
आणि तो गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा.

सरावाला प्रकरण आमचंच घेतलं.
गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, सकाळचे पावणेनऊ,
रॅम्पवरचा टेम्पो आपोआप मागे आला
आणि रजाक नदाफ फाटकाच्या खांबाला दाबला गेला.
डावा पाय.
तेव्हाचा अहवाल दीड ओळीचा:
'चालकाचा हलगर्जीपणा. कामावरून कमी केले.'
अक्षर माझंच. स्टोअरमध्ये माझं अक्षर चांगलं म्हणून
असलं सगळं माझ्याकडंच येतं.
फॉर्मवर कारणाचा रकाना दीड इंच.
त्यात व्हनमाने ड्रायव्हर बरोबर मावला.

टेम्पो का आला मागे? हँडब्रेकची केबल ढिली.
ढिली का? चिठ्ठी अकरा दिवस पडून होती.
कुठं? खिळ्याला. माझ्या टेबलावरच्या.
का? सही नव्हती. साहेब हैदराबादला.
मग अकरा दिवस टेम्पो थांबत कसा होता?

"दगड लावत होतो बाई," कुणीतरी म्हणालं,
"चाकाखाली. मोठा काळा दगड होता एक."

त्या दिवशी?

पत्रा वाजला. कुणी वर बघितलं नाही.

वारं सुटलं होतं त्या दिवशी.
सुताच्या कोन्यांवरची ताडपत्री फडफडत होती,
सूत धुळीनं खराब झालं असतं,
आणि दगड तिथंच होता, रिकामा दिसला मला.
टेम्पो तेव्हा उभा नव्हता. खरंच नव्हता.
चांगलं काम केलं म्हणून मी हात झटकले होते.

"मी उचललो तो," मी म्हणालो.
आवाज लहान निघाला, पावतीवरच्या कार्बन प्रतीसारखा.

वाटलं, बाई आता माझं नाव लिहितील.
व्हनमानेच्या जागी मी, रकाना तेवढाच.
त्यांनी लिहिलं: दगड.
त्याखाली: अकरा दिवस गाडी दगडाच्या भरवशावर का?
त्याखाली: कुणाकुणाला माहीत होतं?
हात वर करा म्हणाल्या नाहीत त्या.
पण मलकप्पाचा थोडासा वर आला,
मग लोडिंगवाल्या अंबव्वाचा,
मग बाकीच्यांचे, खाली बघत.

हलकं वाटायला हवं होतं मला.
नाही वाटलं.
नऊ जणांत वाटूनही
पाय एकाचाच गेला होता, आणि नोकरी एकाची.

सुट्टीत मागे गेलो.
ताडपत्रीवर दगड तसाच.
उचलला, तर खाली अजून गार होतं,
मुंग्यांची एक वाट मोडली.
पोटाशी धरून फाटकापर्यंत आणला.
तिथं स्टुलावर रजाक, हल्ली गेटचं रजिस्टर त्याच्याकडं असतं,
काठी भिंतीला टेकवलेली.

"दगड कुठं नेतोस बे?"
त्यानं विचारलं, सहज,
आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक वस्तूची
नोंद करायची असते ना, म्हणून.
पेन उघडून तो थांबला.

मी शेजारी बसलो.
आधी त्याला पाणी दिलं.