मूळ गाव

शनिवारी पहाटे साडेचारला जनकगंजच्या नाक्यावर
आम्ही चौघं, आणि फणश्यांची नवी काठी,
मुठीला अजून किमतीची चिठ्ठी लोंबणारी.
बेडई मिळायची ही वेळ नव्हे.
सुनंदानं धपाटे आणले होते,
ते पोहरी यायच्या आत संपले.

पुढं रस्ता अरुंद, मग कच्चा, मग नुसती चाकोरी.
मोबाइलच्या रेघा एकेक करत विझल्या
तसे फणसे गप्प गप्प होत गेले.
एजी ऑफिसात एकतीस वर्षं
त्यांना असं कुणी पाहिलेलं नाही.

चौकीवर नावं लिहून घेतली,
वय, रक्तगट, घरचा नंबर,
आणि सोबत दिला हरबिलास:
पायात रबरी बूट, खांद्यावर पाण्याची कॅन.
"माझ्या पुढं जायचं नाही," तो म्हणाला,
"आणि इतकं मागंही राहायचं नाही
की मला तुमचं नाव घेऊन ओरडावं लागेल."
चित्ता दिसेल का, कौस्तुभनं विचारलं.
"तुम्ही त्याला दिसाल."

मार्च संपत आलेला. करधईचं रान
राखेत बुडवून काढल्यासारखं,
मैल मैल एक पान नाही.
ही मेलेली नाहीत, हरबिलास सांगत होता,
हवेत नुसती ओल आली तरी हिरवी होतात,
पावसाची वाटसुद्धा बघत नाहीत.
बाकीचे पुढं गेले तेव्हा
मी एक फांदी ओढून तिच्यावर
चष्म्यावर टाकतात तशी वाफ टाकली.
फांदी तशीच. माझ्या ओठाला धूळ.

दुपारी एका मोकळ्या जागेत तो थांबला.
एक मोह. कठडा ढासळलेली विहीर,
आत कबुतरं. गवतात जात्याची वरची पाळ,
खुंटा मोडलेली.
"इथं पासष्ट घरं होती," तो म्हणाला,
आणि पुढं चालताना
एका ठिकाणी, जिथं काहीच नव्हतं,
मान खाली घालून वाकला,
दोन पावलांनी पुन्हा सरळ झाला.
त्याला ते कळलंही नसावं.
मागून सुनंदा आली, ती वाकली.
कौस्तुभ वाकला. सहा फूट फणसे
काठी आडवी धरून चांगलेच वाकले.
मीही. कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

रात्री वनखात्याच्या खोलीबाहेर चूल.
खाली कूनोच्या डोहात काहीतरी जड
पाण्यात शिरल्याचा आवाज.
"तुमचं गाव?" त्यानं विचारलं.
ग्वाल्हेर, मी म्हटलं. लश्कर.
"ते आत्ताचं. मूळ?"
मग मी नाव सांगितलं, खाडीकाठचं,
जिथून कुणी खापरपणजोबा
फौजेच्या मागून दप्तर सांभाळत निघाले
आणि आठ पिढ्यांत कुणी परत गेलं नाही.
देवीला दर नवरात्रात मनीऑर्डर जाते.
पूर्वी पोच यायची.
"म्हणजे तुमचं गाव अजून आहे," तो म्हणाला.
असावं.
"कसं आहे?"
मी बराच वेळ लाकूड आत सारत राहिले.
त्यानं मग चहात साखर जास्त घातली,
न विचारता.

रविवारी उतरताना फणश्यांना एक ठसा सापडला.
हरबिलास म्हणाला, तरस.
फणसे म्हणाले, चित्ता. सोमवारपर्यंत
तो दोन पिल्लांसह चित्ता होईल.

चौकीवर वही पुन्हा उघडली.
गेले चार, आले चार, माझी सही.
सवयीनं मी पान उलटून वरपासून पाहिलं,
जाणाऱ्यांचा रकाना, येणाऱ्यांचा रकाना:
हरबिलासचं नाव कुठंच नव्हतं.
हिशेब मात्र पैसान्‌पै जुळत होता.
तो तिकडं नळाखाली कॅन भरत होता,
दुसरी गाडी येऊन थांबली होती,
आणि त्यातली माणसं उतरून
त्याला विचारत होती,
दिसेल का.