नाक्यावरचा कारकून

अडतीस टक्के दाखवत होती
आणि गुरुनानक चौकात मेली,
दस्तगीर नदाफ सांगतो.
चार सवाऱ्या होत्या. एक शिवी देऊन उतरली,
दोघांनी ढकलू लागलं तेवढंच.
"काटा खोटं बोलालाय अक्का, बघ की जरा."

अशोक चौकातलं माझं दुकान दहा बाय बारा,
वर पत्रा, एप्रिल, त्रेचाळीस अंश.
पॅक उघडते. सोळा सेल निळ्या कातडीचे
आणि कडेला हिरव्या पाटीवर
नखाएवढी काळी चिप,
शिल्लक मोजणारी.

काटा नाही हो दस्तगीरभाई, हा कारकून आहे,
जुन्या जकात नाक्यावर बसायचा तसला.
ही पट्टी दिसते ना, बोटाच्या पेराएवढी? हा नाका.
येणारा-जाणारा सगळा करंट इथूनच जातो,
जाताना जरासा दाब सोडून जातो,
व्होल्टाच्या हजाराव्या हिश्शात मोजावा असा,
आणि हा वहीत लिहितो:
इतके आत, इतके बाहेर.
गाव त्यानं कधी पाहिलेलं नाही.
उन्हानं कुणी घरातच संपलं
तर त्याची नोंद नाक्यावर होत नाही.

"मग व्होल्टेज बघून सांगायचं की त्यानं."

या जातीच्या सेलचं व्होल्टेज
नव्वदपासून विसापर्यंत एकच चेहरा ठेवून बसतं,
होटगी रोडसारखं सपाट,
आणि मग एकदम विहीर.
तुम्ही रोज पाऊण तास चार्जिंगला लावता,
सवारी दिसली की पिन ओढता.
पाच महिने याला ना काठ दिसला ना तळ.
रोज चिमूटभर चूक,
तीच बाकी पुढं ओढलेली.

आज ठेवून जा. रात्रभर शिकवणी आहे याची.

काठोकाठ भरली. मग दोन तास हात लावला नाही,
सेल तापलेले असताना कुणी खरं बोलत नाही.
मग हीटरच्या कॉइलवर सोडली रिकामी व्हायला,
वीस अँपियरनं, पंखा लावून.
स्क्रीनवर आकडे उतरत राहिले,
मागच्या खोलीत अम्मा विड्या वळत राहिली.

ब्रँचवाला तंबाखू वजनावर देतो
आणि विड्या मोजून घेतो.
मधे पानांचा चुरा, वाऱ्यानं उडालेलं,
छाटात गेलेल्या, बोटांना लागून राहिलेलं,
ते कुणाच्या वहीत?
अम्मा बघत नाही, ओठ हलत नाहीत,
पंचवीस झाल्या की हात आपोआप दोरा ओढतो.
एके काळी हजार व्हायच्या.
आता साडेसहाशेला सूप बाजूला सारते,
"चालु," म्हणते.

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
दस्तगीर पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा
आतून हे ऐकून खूश झाला होता:
चालू झाली म्हणून.

दुपारी तो आला, डोक्याला ओला टॉवेल.
कॉइल गार, सेल गार,
कारकुनानं जुना आकडा खोडून नवा लिहिलेला.
शंभराची बॅटरी आता एकाहत्तरची.

"म्हणजे तू कमी केलीस?"
कमी झालीच होती. वहीत आत्ता आली.

तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता.
स्टेशन ते सात रस्ता, सात रस्ता ते आसरा,
आसऱ्यावरून परत. मग एक बोट मिटलं.
"विजापूर रोडची शेवटची फेरी सोडावी लागंल."
तीनशे दिले, पन्नास उद्या म्हणाला.

डिस्प्लेवर शंभर. रिक्षा बोळातून वळेपर्यंत
नव्याण्णव झालेलं मी पाहिलं,
त्यानंही पाहिलं असणार,
कारण हॉर्न न वाजवताच गेला.

आतून अम्मा विचारत होती,
झालं का त्याचं काम?
मी म्हणलं, चालू.
ती म्हणाली, मग जेवायला ये.