हाडाचा तांबट

आळीत मला हाडाचा तांबट म्हणायचे.
तेव्हा हाड आत होतं
आणि धातू बाहेर, खरवईवर,
आपापल्या जागी.

सहा वर्षांपूर्वी उजव्या खुब्यात
टायटॅनियमचा दांडा बसवला.
बिलावर वजन लिहिलं नव्हतं.
मी विचारलं. आमच्यात वजनावरच विकतात.

चार वर्षं बरी गेली.
मग दिल्ली दरवाज्याच्या उतारावर
आत काहीतरी हललं,
कान सैल झालेल्या कढईसारखं.

डॉक्टर गायधनींनी एक्सरेवर बोट ठेवलं:
हाड आणि धातूच्या मध्ये
केसाएवढी काळी रेघ.
ओळखीची होती.
डाख नीट धरला नाही की हंड्याला
झिरपायच्या आधी अशीच रेघ येते.

‘हाडानं स्वीकारलं नाही,’ ते म्हणाले.
पन्नास वर्षं मी धातूची समजूत काढत आलो,
हाडाला कुणी विचारलंच नव्हतं.

या खेपेला आधी कमरेतून चमचाभर मज्जा काढली.
(नाव मज्जा. काढताना मुळीच नव्हती.)
गंगापूर रोडमागच्या एका बिनपाटीच्या इमारतीत
हर्षदा उगले नावाची मुलगी,
पिंपळगावची, घरी द्राक्षबाग,
तिनं त्याचं विरजण नव्या दांड्याला लावलं
आणि सदतीस अंशांच्या कपाटात ठेवलं,
तीन आठवडे.
दर दोन दिवसांनी गुलाबी पाणी बदलायची,
रविवार असला तरी.
पोरगा मला इतक्यांदा फोनही करत नाही.

बघायला गेलो. काचेच्या अलीकडूनच.
जन्म धातूत गेला, आणि धातूला हात लावायचा नाही!
म्हटलं, पोरी, गुळगुळीत ठेवू नकोस,
खरवडल्याशिवाय कल्हईसुद्धा बसत नाही.

ती हसली, पडद्यावर मोठं करून दाखवलं.

मठार.
ठोक्याला ठोका लागून,
इतका बारीक, की हातोडी धरायला
मुंगीही आडदांड ठरावी.
‘कुणी केला?’
‘आम्लानं.’
आणि खळग्याखळग्यात कुणीतरी बसलेलं,
हातपाय ताणून, कडा घट्ट धरून.
‘हे तुम्हीच, काका.’

मी.
एवढा.
आणि कामाला लागलेला.

कुणी शिकवलं यांना?
कुठून चुना आणतात, थर देतात,
थरावर थर, आणि आवाज म्हणून नाही.
आमच्या आळीत ठोके थांबले
की माणसं दारात येऊन विचारत, कोण गेलं?

सहा आठवडे झाले दांडा आत जाऊन.
गायधनी म्हणतात, रेघेचं आत्ताच काही सांगता येत नाही.
हर्षदा म्हणते, सशांमध्ये छान जमलं होतं,
माणसांत तुम्ही अकरावे.
दहाव्याचं काय झालं, मी विचारलं नाही.

रात्री झोप येत नाही तेव्हा
मांडीवर टिचकी मारून ऐकतो.
चीर गेलेलं भांडं बद्द वाजतं,
धड भांडं खणखणतं.
हे अजून दोन्हीतलं काहीच वाजत नाही.

सकाळी वॉकर घेऊन निघतो,
दिल्ली दरवाज्यापर्यंत.
उताराच्या तोंडाशी थांबतो जरा.
आतल्यांचं काम चालू असेल,
हादरा नको.