माकडहाड

रविवारच्या शिकवणीला देवळातला मागचा बाक मिळतो.
लाकूड कडक. तासाभरात माकडहाड ठणकू लागतं
आणि मला हसू येतं :
आमच्या भाषेनं त्या हाडाला नाव कधीच देऊन ठेवलंय,
पाद्रीबाबांना न विचारता.

आठवडाभर मी कळव्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते.
‘माणूस माकडापासून झाला’ असं कुणी लिहिलं की अर्धा गुण कापते.
माकड आजोबा नव्हे, चुलतभाऊ;
आजोबा दोघांचा एकच, आणि त्याचा फोटो नाही.
रविवारी त्याच तोंडानं आदाम, हव्वा, झाड, साप.
इतकी वर्षं दोन्ही डबे वेगळे ठेवले,
उपासाचा आणि मासळीचा ठेवावा तसे.

मग रेमेदियसच्या धाकट्यानं, डॅरिलनं, हात वर केला.
शेपटीचं विचारेल असं वाटलं. शेपटीची माझी तयारी होती.
तो म्हणाला, टीचर, आदाम नव्हताच
तर पाप कोणी केलं?
आणि कोणीच केलं नसेल
तर तो क्रुसावर कशाला गेला?

पंखा कुरकुरत होता.
मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

ओहोटी बघून विटाव्याला गेले.
पाणी मागे सरलेलं, चिखल उघडा,
काळा, चकचकीत, दुधाच्या पिशव्या रुतलेला,
आणि त्यावर निवट्या.
मासळीच, पण कोपरं टेकत चालणारी,
डोळे डोक्यावर, तिवराच्या मुळावर चढून बसलेली,
खाडीचं घोटभर पाणी गालांत धरून,
लांबच्या गावी जाताना कुणी घरचं पाणी बांधून घ्यावं तशी.

बापूस त्यांना बिळात हात घालून धरायचा.
काखेपर्यंत चिखल. बाहेर काढला की तो हात
हात वाटायचा नाही,
कुणीतरी अजून घडवत असलेलं काहीतरी.
मातीचा माणूस झाला, हे मी त्याच्याकडे बघून मानलं.
किती दिवसांत, ते त्यानं कधी विचारलं नाही.
त्याची खाडी वर्षं मोजत नव्हती, भरत्या मोजायची.

पण पाप.
मी तेव्हा नऊ वर्षांची. बापसानं भावाच्या हिश्शातले
तीन वाटे कोळंबी दडवली,
आणि पास्कूकाकानं विचारलं तर म्हणाला,
जालं फाटलं व्हतं.
म्हणाला, आणि खाली बघितलं.

चिंबोरी दुसऱ्याचं खाते, खाली बघत नाही.
बगळा बघत नाही.
कोट्यवधी वर्षं जो तो दुसऱ्याचं ओरबाडत आला
आणि एका संध्याकाळी, कुठल्याशा पाण्याकाठी,
कुणीतरी पहिल्यांदा खाली बघितलं.
त्याचं नाव आदाम असेल, नसेल.
त्याचा चेहरा मी पाहिलाय.

त्या रात्री बापूस घरी आला नाही, तिवरांत बसून राहिला.
आवय कंदील घेऊन बांधावरून हाका मारत गेली :
कुठं हायेस? कुठं हायेस तू?
तो कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. होडी समोरच होती.
तरी विचारत राहिली,
त्यानं ओ द्यावी म्हणून.

शास्त्राच्या सुरुवातीच्या पानांतही
संध्याकाळच्या वाऱ्यात, झाडांमधून,
कुणीतरी हेच विचारत हिंडतो.
मी इतकी वर्षं त्या पानांत तारीख शोधत होते.

रविवारी डॅरिलला हे सगळं सांगितलं.
अर्धं त्याला पटलं नाही, तोंडावर दिसत होतं.
बूट घालता घालता म्हणाला,
मग कोळंबी परत दिली का?

दोन वाटे, मी म्हटलं.
सकाळी काकाच्या ओट्यावर होते.
तिसरा आम्ही खाल्ला होता.
मीसुद्धा.