दुरुस्त प्रत

पत्रक मीच लिहिलं होतं.
बत्तीस वर्षं महापालिकेच्या छापखान्यात मुद्रितं तपासली,
सोसायटीनं हे काम माझ्या गळ्यात घातलं यात नवल नाही.
‘घरगुती घातक कचऱ्याचे विलगीकरण : नागरिकांसाठी मार्गदर्शक सूचना.’
वि ऱ्हस्व, गी दीर्घ. शोधून एक चूक सापडणार नाही.

रविवार, सकाळी अकरा, कन्नमवार नगर.
सोसायटीच्या ऑफिसात कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून
वीस खुर्च्या मांडल्या. नऊ जण आले,
त्यातले एक पाण्याच्या बिलाचं विचारायला.

संस्थेनं पाठवलेल्या बाई गयाबाई हिवराळे,
मूळच्या जालन्याकडच्या, आता बैंगनवाडी.
सहा वर्षं आमच्याच इमारतीचा कचरा निवडतात
हे मला त्या दिवशी कळलं.
पत्रकावर बोट ठेवून त्या वाचत गेल्या,
विलगी-पाशी बोट थांबलं.
“हे कोणासाठी लिवलंय, साहेब?”

मग पिशवी उपडी केली जुन्या चादरीवर.
रिमोटचे सेल, काळी पडलेली ट्यूब, अ‍ॅसिडची बाटली,
नेलपॉलिश, झुरळांचा फवारा,
पत्र्याच्या डब्यात वाळलेला निळा ऑइलपेंट.
“हे टोचतंय. हे फुटतंय. ह्यानं हात भाजतोय.
आन ह्या गोळ्या, ह्या इसरलेल्या.
माणूस जातंय, गोळ्या ऱ्हात्यात.”

सामंतबाईंनी विचारलं, थर्मामीटर फुटला तर?
“झाडू लावायचा न्हाई. झाडलं की पारा बारीक होऊन पळतोय.
खिडकी उघडा, दोन पुठ्ठ्यांच्या मधी धरा,
बाटलीत घाला, झाकण घट्ट.
आमच्याकडं पोरं खेळत्यात त्याच्यासंग,
चांदी म्हणून.”
पाण्याच्या बिलवाले गृहस्थही आता खाली बसले होते.

त्यांना सगळी घरं पाठ होती.
तिसऱ्या मजल्यानं मार्चात रंग काढला,
पाचव्यावर कोणीतरी लपून सिगारेट ओढतं
(एक मुलगा पंख्याकडे बघू लागला),
“आन दुसऱ्यावर कोणाला तरी साखर हाय.
हुती.”
काळ त्यांनी स्वतःच दुरुस्त केला,
मी टोक काढलेली पेन्सिल हातात धरून बसलो होतो.

“रोज एक-दोन सुया यायच्या, कागदात.
मंग एक दिवस काळी पिशवी आली, समद्या एकदम,
वरून हार. झेंडूचे.
हारं ओल्यात टाकायची म्हणून मी हात घातला.”
उजवा अंगठा दाखवला, सगळ्यांना, डावीकडून सुरू करून.
राजावाडीत तीनदा रक्त तपासलं, काही निघालं नाही,
हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं
की कोणीतरी “बरं झालं” म्हणालं.

तेराव्याची संध्याकाळ होती ती.
हेमलताचं मला काहीच दिसायला नको होतं,
जे हाताला लागलं ते भरलं,
पिशवीला दोन गाठी मारल्या
आणि दाराबाहेर ठेवून दार लावलं.
दाराच्या पलीकडे कचऱ्याचं पुढे काय होतं
याचा मसुदा माझ्याकडे कधी तपासायला आला नव्हता.

रात्री पत्रक पुन्हा काढलं.
विलगीकरणावर लाल रेघ. घातकवर लाल रेघ.
मार्गदर्शक, सूचना, नागरिक.
बराच वेळ पान नुसतंच लाल होत गेलं.
समासात लिहिलं, टोचतंय. फुटतंय. भाजतंय.
चौथा शब्द प्रमाण भाषेत आणायला गेलो,
विसरलेल्या,
आणि तो मेला. परत इसरलेल्या केला.

तिच्या बाजूच्या खणात अजून अकरा सुया निघाल्या.
फिनाइलची जाड बाटली धुऊन वाळवली होती,
एकेक आत सोडली, टोक खाली.
झाकण फिरवलं, चिकटपट्टी लावली,
वर मार्करनं त्यांचाच शब्द.
उद्या गाडी यायच्या आधी खाली जाऊन
हातात देईन, दाराबाहेर ठेवणार नाही.
तेव्हा काय म्हणायचं
ते चार वेळा लिहून झालंय.
चारही प्रतींत चुका आहेत.