तिसरा प्लग

बर्फाची गाडी. मागे चौदा लाद्या, भुश्यात नि गोणपाटात,
पुढे बॉनेटखाली भट्टी.
पवळे म्हणाले, आठ महिन्यांत हा तिसरा सेट,
हल्ली माल सगळा डुप्लिकेट येतो.
मी काही बोललो नाही.
नाना पेठेत पहाटे साडेपाचला कोणाशी वाद घालू नये,
त्याचा बर्फ वितळत असताना तर नाहीच.

चारी प्लग काढले. बोट भाजलं,
सवयीनं कानाच्या पाळीला लावलं.
कालच्या पेपरवर ओळीनं मांडले, बसले होते त्याच क्रमानं.
ही ओळ मोडली की दस्तगीर उस्ताद पान्हा फेकून मारायचे.
प्लग म्हणजे जबानी रे, म्हणायचे,
साक्षीदारांची अदलाबदल केलीस
तर खटला कोणावर चालवशील?

पहिला, दुसरा, चौथा
चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचे. म्हणजे निरोगी.
तिसरा पांढरा फटक,
चिनी मातीवर बारीक फोड
आणि टोक झिजून गोल,
शाळेतल्या ढ पोराच्या पेन्सिलीसारखं.

फीलर गेजची पाती घालत गेलो.
शून्य पॉइंट आठची फट हवी.
एक पॉइंट तीनची पाती सुद्धा अडखळली नाही.
एवढं अंतर उडी मारून ओलांडत
ही ठिणगी रोज शिवापूरहून बर्फ घेऊन
कात्रजचा घाट चढत होती.
घाटात उचकी देते ना?
देते, पवळे म्हणाले, जुन्या बोगद्याच्या अलीकडे.

मग आवाज खाली आणून :
तो गोवर्धन होता ना माझा ड्रायव्हर, रॉकेल मिसळायचा.
गणपती झाल्यावर काढून टाकला.

मी तिसरा प्लग बॅटरीच्या उजेडात धरला.
पवळे, टाकी एक, नळी एक.
रॉकेल असतं तर चौघांच्याही ताटात पडलं असतं.
त्यानं एकट्या तिसऱ्याला कसं पाजलं?
आणि हा सेट तर त्याच्या नंतरचा.

पवळे टायरकडे बघत राहिले.

प्लग परत बसवले, गाडी चालू केली,
हातभर रबरी नळी घेतली,
एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवत.
घंटागाडी गेली तेवढा थांबलो.
टॅपेटची टिकटिक. पट्ट्याची कुरकुर. अल्टरनेटरचं बेअरिंग,
ते पुढच्या महिन्यात बोलेल.
आणि मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला
अगदी बारीक,
झोपलेल्या माणसानं दातांतून ओढावा तसा श्वास.

साबणाचं पाणी मारलं. इंजिनानं घोट घेतला,
सूर एकदम खाली आला, परत चढला.
ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा पाइप.
तिसऱ्याच्या तोंडाशी जोडलेला,
क्लॅम्पखाली, वाकणात,
जिथं कोणाचा डोळा पोचत नाही तिथं चिरलेला.
पेट्रोल सगळ्यांइतकंच, हवा मात्र फुकटची जास्त.
अशा वाऱ्यावर जगणारा तापतोच,
आणि तापला की आधी त्याचंच टोक झिजतं.
आपण टोक बदलत राहतो.

पाइप एकशे वीस रुपये. क्लॅम्प वीसचा.
प्लगचे वेगळे.

जुना पाइप पवळ्यांनी हातात घेतला.
वाकवला की चीर उघडायची, सोडला की मिटायची.
उघडत राहिले, मिटत राहिले.
मागून गोणपाट ठिबकत होतं,
पाण्याची रेघ गल्ली उतरून चहाच्या टपरीपर्यंत गेली होती.

गोवर्धनचा नंबर आहे का, मी विचारलं.
आहे, म्हणाले.
मग जरा वेळानं : हे प्लग किती टिकतील?
मी म्हटलं, आता टिकतील.

पैसे दिले. तीस रुपये सुट्टे नव्हते, राहू दे म्हणाले,
पवळे असं कधी म्हणत नाहीत.
निघताना पेपरचा कोपरा फाडला,
त्यात फक्त तिसरा गुंडाळला,
आणि शर्टाच्या वरच्या खिशात,
जिथं चष्मा ठेवतात तिथं ठेवला.