किती आत

जिनसी नाल्याच्या त्या दुकानात
फळीवर ओळीने उभी असत पितळी टरफलं,
तोंड उघडं, पंगतीला बसलेल्या पोरांसारखी.
बाबा शिसं वितळवत. मेणाचा तुकडा टाकला
की कढईतून भप्पकन ज्वाळा उठे
आणि मळी वर येई.
ती ते काढत आमटीवरचा फेस काढावा तशी.
साच्यातून गोळी पडायची दुमडलेल्या गोधडीवर.
टप्प.
तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.
त्यांना जागेपणीही नाही.

भिंडच्या भदौरियांची रायफल आली होती,
आजोबांच्या लायसनवरची.
बाबांनी नळीला डोळा लावला, बराच वेळ.
"झिजलीय. हिला ओतीव गोळीच लागेल.
आणि किती आत बसवायची
ते हिलाच विचारावं लागेल."

विचारायची रीत अशी:
गोळी धरायची दिव्याच्या ज्योतीवर,
काजळी चढेपर्यंत.
रिकाम्या टरफलात सैल बसवायची, दारू नाही,
आणि बोल्ट पुढे लोटायचा.
"अलगद, मंजे.
बाळ झोपलंय त्या खोलीचं दार लोटतात, तसा."
मग बाहेर काढून उंबऱ्याशी, उन्हात:
काजळीवर आट्यांनी ओढलेल्या पाच रेघा.
लांब असल्या तर गोळी फार बाहेर.
मुळीच नसल्या तर फार आत;
नळीचा हात धरण्याआधी
ती एकटीच उडी मारणार, वाकडी.
"नुसता स्पर्श हवा," बाबा म्हणत,
आणि माझ्या कपाळाला बोट लावून दाखवत,
काळं बोट.

एकदा मी घाई केली.
टरफल परत आलं, गोळी नळीतच.
बाबा रागावले नाहीत.
पितळी सळई घेतली, तोंडाकडून आत घातली,
ठक, ठक, ठक,
संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत.
त्या दिवसाची नोंद त्यांच्या वहीत आहे:
"मंगळवार. दोन थाऊ आत. ठीक.
परत अर्धा थाऊ बाहेर.
मंजी कंटाळली. मी नाही."

जूनच्या शेवटी रेंजवर गेलो.
भदौरियांनी पाच झाडल्या.
पाचही भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली असती.
थंडी पडल्यावर त्यांनी मुरैन्याची गजक पाठवली, दोन किलो.
बाबांच्या कानात त्या दिवशी कापसाचा बोळा होता,
एकाच कानात. दुसरा मला दिला होता.

आता ते एकोणऐंशीचे.
सिटी सेंटरच्या दवाखान्यात
नखांना निळा रंग लावलेल्या एका मुलीनं
त्यांच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरला.
"साचा घेतेय, अंकल. हलू नका."
बाबा आरशात बघून मोठ्यानं म्हणाले,
"मळी काढलीस का आधी?"
तिला कळलं नाही. मला हसू आवरेना.

तेव्हापासून सकाळी मीच बसवते ते यंत्र.
सैल राहिलं की शिट्टी मारतं,
प्रेशर कुकर बिघडल्यासारखं.
जास्त दाबलं की बाबा डोळे मिटतात,
बोलत काही नाहीत,
फक्त मांडीवरची बोटं आवळतात.
माझे हात सासरच्या शाळेत
खडू धरून धरून जाड झाले आहेत.
पहिल्या आठवड्यात रोज चुकत होते.

आठव्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं.
सुरकुतलेला हात, अंगठ्यावर शिशाचा जुना डाग.
माझ्या हातानंच यंत्र किंचित मागे घेतलं,
किंचित फिरवलं,
आणि लोटलं.
तसंच. त्याच दारासारखं.

शिट्टी थांबली.
खाली गल्लीत कुणी मोटारसायकलला किक मारत होतं,
ते त्यांनी मान वळवून ऐकलं.
मला खूप काही विचारायचं होतं,
तीस वर्षं साचलेलं.
म्हणाले, "चहा ठेवू?"

"ओरडतेस कशाला," बाबा म्हणाले.